घरच्या मिलिंगला व्हाइस घेताना: ०.००५ चं लेबल, उचलणारा जॉ आणि कागदाच्या चार पट्ट्या

तळेगावला राहणारा एक मुलगा आहे, म्हणजे तिशी ओलांडलेला आहे पण मला काका म्हणतो म्हणून मुलगाच. नोकरी सॉफ्टवेअरची, नाद टेलिस्कोपचा. आरसा घासून झाला, ट्यूब झाली, मग याच्या डोक्यात आलं की इक्वेटोरियल माउंटसुद्धा (ताऱ्यामागे टेलिस्कोप फिरवणारा स्टँड) घरीच करायचा, आणि त्यापायी बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये एक बेंच मिलिंग मशीन येऊन बसलं. चीनच्या सिएग कंपनीच्या एसएक्स३ वर्गातलं, टेबल ५५० बाय १६० मिमी, टेबलावरच्या बोल्ट अडकवायच्या खाचा म्हणजे टी-स्लॉट १२ चे, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला आर-८ टेपर. घरच्या कामाला छान मशीन आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मशीनबरोबर ४ इंची व्हाइस फुकट आला होता, म्हणजे एक फिक्स आणि एक सरकणारा (मूव्हिंग) अशा दोन जॉमध्ये जॉब आवळून धरणारा शिकंजा. फुकट आला म्हणून कोणी त्याच्याकडे नीट बघितलंच नाही आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्याला करायचा होता माउंट फिरवणाऱ्या वर्मचा, म्हणजे आटे असलेल्या दांड्याचा ब्लॉक, ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा, ६० × ५० × ४० चा. एका बाजूने वर्मचं बोर जाणार, ते तळाला समांतर पाहिजे आणि वर्म व्हीलच्या शाफ्टला काटकोनात पाहिजे, नाहीतर वर्म एका कडेला घासतो आणि ट्रॅकिंग करताना तारा डोलायला लागतो. मी म्हटलं सहा बाजू ५० मिमीत ०.०२ च्या आत काढ, एवढं जमलं तर पुढचं सोपं आहे. याचं येत होतं ०.१२. एकदा आलं तर समजू शकतो, पण हे दर वेळी तेवढंच, आणि दर वेळी एकाच बाजूला.

आता अशा वेळी घरी काम करणारा माणूस पहिला संशय मशीनवर घेतो, तसा यानेही घेतला. हेडचं ट्रॅम, म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का ते चेक केलं, परत चेक केलं, कॉलमखाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घालायच्या का वगैरे विचारायला लागला. मी गेलो तेव्हा स्पिंडलला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मोजमाप) लावून १५० मिमीच्या गोलात टेबलावर फिरवला तर पुढे-मागे ०.०२ चा फरक होता. म्हणजे ५० मिमीच्या ब्लॉकवर ०.००७ पण पडत नाही. ०.१२ कुठे आणि ०.००७ कुठे. मशीन निर्दोष सुटलं.

मग मी विचारलं, बारीक बाजू कुठली? याने मार्करने खूण करून ठेवली होती हे फार बरं केलं. बारीक बाजू कायम मूव्हिंग जॉकडची. इथेच उत्तर मिळाल्यात जमा होतं, कारण घट्ट करताना ब्लॉकची ती बाजू वर उचलली जात असेल तर कटर तिथलं मटेरियल जास्त खाणार, आणि जॉ सोडल्यावर ब्लॉक परत खाली बसला की तीच बाजू बारीक दिसणार. खात्री करायला मॅग्नेटिक स्टँड टेबलावर ठेवला आणि पपी डायलचं टोक मूव्हिंग जॉच्या डोक्यावर टेकवलं. (लिव्हर डायलला टूलरूममध्ये सगळे पपी डायलच म्हणतात. हा ०.०१ चा होता, ०.८ रेंजचा, घरी एवढा एक चांगला डायल असला की बरंच भागतं.) हँडल फिरवलं तर काटा ०.१८ वर. मग टोक ब्लॉकवर ठेवून परत बघितलं, मूव्हिंग बाजूला ०.१३ उचलला, फिक्स जॉच्या बाजूला ०.०२. फरक ०.११. ब्लॉकवर येत होता ०.१२. आणखी काय पुरावा पाहिजे.

"काका, पण मी नायलॉनच्या हातोडीने ठोकून बसवतो की," असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे, ठोकतोस, पण ठोकल्यावर खालचे पॅरलल, म्हणजे जॉब उंच ठेवणाऱ्या ग्राइंड केलेल्या पट्ट्या, हलवून बघतोस का? बघितलं तर फिक्स जॉकडचा पॅरलल घट्ट आणि मूव्हिंगकडचा बोटाने सरळ बाहेर येतोय. परत ठोकला तर क्षणभर घट्ट आणि हँडलला अजून थोडा जोर दिला की परत सुटा.

हे का होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण व्हाइस निवडायचा म्हणजे खरं तर हेच समजून घ्यायचं आहे. साध्या व्हाइसमध्ये स्क्रू खालून ढकलतो आणि जॉब वर धरलेला असतो. जोर खाली, प्रतिजोर वर, मधे ३५ मिमीचं अंतर. १५० मिमीच्या हँडलवर २० किलोचा जोर लावला तर साधारण ३० न्यूटन-मीटर टॉर्क होतो, १६ मिमीच्या स्क्रूवर त्याचे घर्षण धरून ९ किलोन्यूटन तरी होतात, म्हणजे ९०० किलोच्या वर. ते ३५ मिमीच्या अंतरावर काम करतात म्हटल्यावर जॉ उलटवायला तीनशे न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो, फूटभर लांब पान्याच्या टोकाला शंभर किलोचं पोतं लटकवल्यासारखा. जॉचं डोकं मागे कलतं, पुढची कड वर उचलते. त्याला अडवायला काय असतं, तर जॉच्या खाली बोल्टने धरलेल्या दोन पट्ट्या, बस्स. या फुकटच्या व्हाइसमध्ये त्या पट्ट्या आणि बॉडीच्या मधे ०.१० चा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात जात होता. तेवढा तर जॉ उचलणारच, आणि वरचा उरलेला हिशोब त्या पातळ पट्ट्या वाकण्यात जातो.

दुरुस्त करून बघितला का? बघितला. पट्ट्यांची पायरी घासून ०.१० चे ०.०७ केले, तर जॉ एका ठिकाणी छान चालायचा आणि पुढे नेला की जाम, कारण बॉडीच्या स्लाइडची जाडीच सगळीकडे सारखी नव्हती. ते सरफेस ग्राइंडरवर सरळ करायचं म्हणजे भोसरीला जॉबवर्क, आणि ग्राइंडिंगवाल्याचे पैसे अशा व्हाइसवर घालणं हे कोणाच्याही हिशोबात बसत नाही. नवीन घ्यायचं ठरलं.

आणि नवीन शोधायला लागला की याच्यासमोर आकडे आले. इथे ०.००५, तिथे ०.०१, तिसरीकडे "हाय प्रिसिजन" एवढंच लिहिलेलं. याचा कल साहजिकच ०.००५ कडे. मी म्हटलं थांब, हा आकडा कशाचा आहे ते विचार. ०.००५ जो लिहितात तो बहुतेक वेळा ग्राइंड केलेल्या बॉडीचा, १०० मिमीवर समांतरपणा आणि काटकोन, जॉ मोकळा असताना, सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या अचूक सपाट लादीवर) ठेवून. तुझ्या ब्लॉकला ०.१२ चा मार बसला तो जॉ घट्ट केल्यावर बसला. घट्ट केल्यावर काय होतं याचा आकडा कोणीही लेबलवर छापत नाही. बेड (व्हाइसमधला जॉब बसतो तो तळ) दोन शतांश वाकडा असेल तर शिम घालता येतो, ग्राइंड करता येतो, निदान माहीत असतो आणि कायम तेवढाच असतो. उचलणारा जॉ मात्र जॉबची उंची बदलली की वेगळा, जोर बदलला की वेगळा, त्याचा काही भरवसा नाही. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न रचनेचा, मग आकाराचा, मग बेड-जॉच्या अचूकपणाचा. आकडे तिसऱ्या नंबरवर.

आकाराचं बोलायचं तर इथे लोक फार फसतात, कारण मोठा व्हाइस घेतला की दमदार वाटतं. मिनियापोलिसच्या कर्टचा डी६८८ हा जगभरात नमुना म्हणून धरतात, ६ इंची जॉ, ८.८ इंच उघडतो, नावातच तो आकडा आहे. वजन तीस किलोच्या वर. पण तो ब्रिजपोर्टसारख्या ९ इंच रुंद टेबलासाठी आहे. १६० च्या टेबलावर ठेवला तर बॉडी पुढे-मागे लोंबणार, मागे कॉलमला लागणार म्हणून वाय ट्रॅव्हल (टेबलाची पुढे-मागे चाल) अर्धा जाणार आणि हँडल पोटात येणार. तसाच ६ इंची देशी जुना हेवी व्हाइस पुण्यात जुन्या बाजारात बघून आला होता, त्याला तो फारच आवडला होता कारण वजनदार आणि स्वस्त. मोबाइलवर फोटो दाखवला. बेडवर ड्रिलचे खड्डे, फिक्स जॉला ठोकून ठोकून गोलाई आलेली, आणि स्विव्हल बेसचे अंश पुसलेले. खड्डे ग्राइंडिंगने जातील पण स्लाइडमधली ढिलाई कशी जाणार? नाही म्हटलं.

स्विव्हल बेसचंही, म्हणजे व्हाइस कोनात फिरवायच्या बैठकीचंही तसंच. व्हाइसबरोबर येतो, पाडव्याच्या ऑफरसारखा छान वाटतो, आणि घरच्या मशीनवर वापरायला लागलात की उंची खातो. याच्या मशीनवर स्पिंडलच्या नाकापासून टेबलापर्यंत साडेतीनशेच्या आसपास जागा. व्हाइसच्या बेडची उंची ६५, त्यावर पॅरलल आणि जॉब मिळून ५५, वरून ड्रिल चक आर्बरसकट ११०, त्यातून ९० बाहेर आलेलं ड्रिल. ३२० झाले. स्विव्हलचे ३५ वर घातले की ड्रिल जॉबवर न्यायलाच जागा नाही. आणि तिरका कोन लागतो वर्षातून किती वेळा? तेवढ्यासाठी व्हाइसच सोडून डायल लावून तिरका बसवता येतो. बेस काढून कपाटात ठेवायचा किंवा घ्यायचाच नाही.

आता राहिले दोन खरे पर्याय. एक म्हणजे टूलमेकर व्हाइस, ज्याला स्क्रू दिसतच नाही असा, चकचकीत, चारी बाजूंनी ग्राइंड केलेला. यात मूव्हिंग जॉच्या आत तिरका बोल्ट असतो, तो खालच्या खाचांमध्ये बसवलेल्या आडव्या पिनला ओढतो, त्यामुळे जॉ पुढे जाताना खालीही दाबला जातो. ०.००५ लिहिलेला याच प्रकारचा होता. व्हाइस म्हणून माझं याच्याशी भांडण नाही, ग्राइंडिंगला आणि इन्स्पेक्शनला उत्तमच आहे, उंची कमी, कुशीवर झोपवून पण वापरता येतो. आणि मशीन याहून लहान असतं, ९० मिमी रुंद टेबलाची मिनी मिल असती, तर मी डोळे झाकून हाच घे म्हटलं असतं. पण याला रोज काम करायचं होतं. जॉबची साइज बदलली की पिन काढ, दुसऱ्या खाचेत घाल, अ‍ॅलन की मार. मिलिंगचा कीस त्या खाचांमध्ये जाऊन बसतो आणि पिन नीट बसत नाही. कच्च्या, ओबडधोबड कापलेल्या जॉबला जॉ किंचित तिरपा पण बसू शकतो कारण तो तसा मोकळाच तरंगत असतो. हे सगळं सांभाळता येतं, फक्त माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस कीस न पुसता घट्ट करतो.

दुसरा, लॉकडाउनवाला, म्हणजे घट्ट करताना जॉला खालीही दाबणारा. कर्टने अँगलॉक नावाने प्रसिद्ध केलेली रचना, आता तैवान, चीन आणि आपल्याकडच्याही अनेक मेकमध्ये मिळते. स्क्रूवर चालणारा नट असतो, त्याचं तोंड तिरकं, आणि नट व जॉच्या मधे एक अर्धगोल तुकडा. नट पुढे सरकला की तिरक्या तोंडामुळे तो अर्धगोल जॉला पुढे आणि खाली असा दोन्हीकडे ओढतो. कर्टचं म्हणणं असं की पुढच्या जोराच्या निम्मा जोर खाली मिळतो. नकलेत तेवढा मिळतो का हे नकलेच्या फिनिशिंगवर आहे, पण रचना तीच, म्हणजे उलटवणाऱ्या पिळाला उत्तर रचनेतच आहे, पट्ट्यांच्या भरवशावर नाही. ४ इंची घेतला तर वजन सोळा-सतरा किलो, टेबलावर बसतो, १६० च्या रुंदीत थोडा लोंबतो तेवढं चालतं. यावर आमचं एकमत झालं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चॉइस जास्त मिळाला असता, पण हातात धरून बघायचं आणि उद्या काही झालं तर परत न्यायचं म्हणून पिंपरीतलंच एक दुकान धरलं. जाताना बरोबर घेतलं १-२-३ ब्लॉक, म्हणजे २५ × ५० × ७५ चा ग्राइंड केलेला तुकडा, आणि ट्रेसिंग पेपरच्या चार पट्ट्या. डायल मुद्दाम नेला नाही, दुकानात डायल काढला की दुकानदाराचा चेहरा बदलतो. तसा तो पट्ट्या बघूनही म्हणाला, "अहो साहेब, कंपनीचा माल आहे, चेक काय करताय?" पण चहा सांगितला आणि काउंटर मोकळं करून दिलं, माणूस चांगला होता.

टेस्ट अशी. व्हाइसचा बेड आणि ब्लॉक स्वच्छ पुसायचा, चारही कोपऱ्यांखाली कागदाची एकेक पट्टी जाईल असा ब्लॉक बेडवर ठेवायचा, पट्ट्यांची टोकं बाहेर. जॉ हलकेच टेकवायचा आणि पट्ट्या ओढून बघायच्या, चारी थोड्या थोड्या सरकतील. मग कामात लावतो तेवढा जोर लावायचा आणि हातोडी न मारता परत ओढायच्या. चारी घट्ट राहिल्या तर जॉ उचलत नाही. मूव्हिंगकडच्या दोन सुळकन बाहेर आल्या तर उचलतोय. फिक्सकडच्या सुटल्या तर फिक्स जॉ काटकोनात नाही किंवा वाकतोय. एकाच तिरक्या जोडीतल्या दोन सुटल्या तर बेड पिळलेला आहे किंवा खाली कचरा आहे. एक पैसा खर्च नाही आणि लेबलवरच्या आकड्यापेक्षा खूप जास्त कळतं. ब्लॉक मधे धरून झाला की एकदा जॉच्या कडेला धरून पण बघायचं, तिथे जॉ आडवा किती फिरतो ते दिसतं, थोडा फिरणार, तो सगळ्यांचाच फिरतो.

दुकानात त्याच मेकचे दोन पीस होते. पहिल्यात मूव्हिंगकडची एक पट्टी ढिली झाली. कदाचित आत कारखान्यातलं मेणासारखं ग्रीस आणि कीस अडकला असेल, कदाचित जॉमधला सेटिंगचा ग्रब स्क्रू नीट लावला नसेल, उघडून साफ केलं तर सुधारला पण असता, पण दुकानात उघडू देत नाहीत आणि देऊही नये. दुसऱ्यात चारी पट्ट्या फाटल्या पण सुटल्या नाहीत. तोच घेतला. एकाच मेकच्या, एकाच खोक्यातल्या दोन पीसमध्ये एवढा फरक पडतो हे लक्षात ठेवा, म्हणून अमुक ब्रँड घ्या असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावतो आणि पट्ट्या खिशात ठेवतो.

घरी आणल्यावर याला लगेच कट मारायचा होता. आधी पूर्ण खोलला. आत कास्टिंगची वाळू, टॅपिंगचा कीस, सगळा माल. डिझेलने धुतला, बेडवर आणि तळावर ऑइल स्टोन फिरवला, जिथे बर (धातूची वर आलेली बारीक कड) असते तिथे स्टोन अडकल्यासारखा लागतो, तेवढंच घासायचं, उगाच जोर लावायचा नाही. जॉ प्लेट (जॉच्या तोंडावर बोल्टने बसवलेली पट्टी) काढून मागे बघितलं तर बोल्टच्या भोकाभोवती रंग आणि बर दोन्ही, ते काढलं नसतं तर प्लेट कधीच सपाट बसली नसती. परत बसवताना तो अर्धगोल तुकडा हमखास खाली पडतो, ग्रीस लावून जॉच्या खळग्यात चिकटवायचा आणि मग जॉ नटवर उतरवायचा. जॉची ढिलाई ठरवणारा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) हलका टाइट करून किंचित मागे घ्यायचा, जॉ हाताने सरकला पाहिजे पण डुगडुगायला नको.

टेबलावर ठेवताना व्हाइसला सरळ धरणाऱ्या खालच्या चाव्या स्लॉटमध्ये बसल्या नाहीत, त्या मोठ्या स्लॉटच्या होत्या आणि आपले स्लॉट १२ चे. काढून टाकल्या. चाव्यांवर भरवसा ठेवून बसवण्यापेक्षा फिक्स जॉवर डायल फिरवून सरळ करणं केव्हाही चांगलं, एक बोल्ट जरा टाइट, दुसरा ढिला, नायलॉनच्या हातोडीने टिचक्या. १०० मिमीत काटा हलेना इतकं सरळ दोन-चार मिनिटांत होतं.

मग बेड. एक्समध्ये, म्हणजे डावी-उजवीकडे, १०० मिमीवर ०.००५, म्हणजे काहीच नाही. वायमध्ये ८० मिमीवर ०.०२ चा चढ. मुलाचा चेहरा पडला, की काका हा पण वाकडा निघाला. मी म्हटलं वाकडा कोण ते अजून ठरलेलं नाही, व्हाइस उलटा फिरव. १८० अंशात फिरवून परत त्याच दिशेने डायल चालवला तर ०.००. आता हिशोब बघा, मशीनची चूक व्हाइस फिरवल्याने बदलत नाही, व्हाइसची चूक उलटी होते. दोन रीडिंगची बेरीज भागिले दोन म्हणजे मशीनचं, ०.०१. फरक भागिले दोन म्हणजे व्हाइसचं, तेही ०.०१. दोन्ही तिथे एकमेकांत मिळत होत्या, इथे एकमेकांना खात होत्या. फिरवलेल्या बाजूने फिक्स जॉ ऑपरेटरकडे येत होता, काहींना ते आवडत नाही, पण याला चालतं म्हणाला आणि तसाच ठेवला. ही उलटवून मोजायची युक्ती शिकून घ्याच, मास्टर पीस (खात्रीचा अचूक नमुना) नसताना घरी जे काही मोजता येतं ते बहुतेक हिच्यामुळे येतं.

टी-बोल्ट पूर्ण आवळल्यावर बेड परत चेक केला तर मधे ०.०२ ने बदललेला. व्हाइसचा तळ पोकळ असतो आणि बोल्ट कडेला, तळ नीट टेकला नसेल तर बॉडी धनुष्यासारखी वाकते. काढून बघितलं, स्लॉटच्या कडेला एक बारीक बर राहिली होती, आपला स्टोन तिथे पोचला नव्हता. ती काढल्यावर फरक ०.००५.

फिक्स जॉ पण जोर लावून मोजायचा, हे फारसं कोणी करत नाही. डायल फिक्स जॉच्या पाठीवर, वरच्या कडेला. मध्यम जोराला ०.०१ मागे गेला, हँडलला लोंबकळून आवळलं तर ०.०२५. म्हणजे फिक्स हे नुसतं नाव आहे, कास्ट आयर्न पण वाकतं. त्यामुळे फिनिश कटला मध्यम जोर, आणि तो दर वेळी सारखा यावा म्हणून याने हँडल काढून टॉर्क रेंच लावायला सुरुवात केली, ३० न्यूटन-मीटर. मला आधी जरा अती वाटलं, पण रीडिंग सारखी यायला लागली हे खरं. मूव्हिंग बाजूची उचल आता ब्लॉकवर मोजली तर ०.०१५, आणि हातोडीची एक टिचकी मारली की दोन्ही पॅरलल घट्ट, परत सुटत नाहीत.

मग तोच ब्लॉक. पहिली बाजू फेस केली, म्हणजे वरून कापून सपाट केली, ती फिक्स जॉला लावली आणि मूव्हिंग जॉ व ब्लॉकच्या मधे एक गोल बार घातला. दुसरी बाजू अजून कच्ची आहे, ती वाकडी असली तरी गोल बार एका रेषेवरच दाबतो, त्यामुळे ब्लॉक फिक्स जॉवर पूर्ण झोपतो आणि कच्च्या बाजूचं वाकडेपण पुढे येत नाही. समोरासमोरच्या बाजू पॅरललवर ठोकून.

काटकोन तपासायला याच्याकडे साधा गुण्या होता, उजेडासमोर धरून बघायचा. ०.०२ साठी ते बरं आहे पण आकडा मिळत नाही. म्हणून सरफेस प्लेटवर स्टँड ठेवला, स्टँडच्या पायथ्याला एक गोल पिन पुढे आणली आणि ४५ मिमी वर डायल. ब्लॉकची एक बाजू पिनला टेकवून डायल शून्य केला, ब्लॉक फिरवून समोरची समांतर बाजू टेकवली. ब्लॉक काटकोनात असेल तर काटा शून्यावरच येतो, नसेल तर चूक दुप्पट होऊन दिसते. काटा ०.०२ दाखवत होता, म्हणजे खरी चूक ४५ मिमीत ०.०१. समांतरपणा ०.०१५. ०.०२ मागितलं होतं, त्याच्या आत आलं, आणि मशीन तेच, कटर तेच, हात तेच. वर्मचं बोर नंतर त्याच सेटअपमध्ये बोरिंग हेडने काढलं, ब्लॉक एकदाही न सोडता, कारण सोडून परत धरायचं म्हणजे परत नवीन चूक आत घ्यायची.

व्हाइस एवढा लाखमोलाचा झाला म्हणून सगळं काम त्याच्यातच होतं असं नाही हां. माउंटची बेस प्लेट २०० लांब, १४० रुंद, ती याला जॉ बाहेरच्या बाजूला लावून धरायची होती. मी नको म्हटलं, जॉ प्लेट तशा लावता येतात पण पातळ रुंद प्लेट बाजूने दाबली की मधे फुगते, फेस केला की सपाट दिसते आणि सोडली की खळगा. प्लेट सरळ टेबलावर, खाली चार सारखे पॅड, वरून बोल्टने दाबणारे स्टेप क्लॅम्प, क्लॅम्प बरोबर पॅडच्या डोक्यावर. त्यासाठी व्हाइस उतरवायला लागतो, आणि सतरा किलोचं धूड उतरवून परत डायल लावून चढवायचा आळस येतो म्हणून लोक नको ते व्हाइसमध्ये धरतात. याने आता कॉलमजवळ भिंतीला एक फळी मारली आहे टेबलाच्या उंचीला, व्हाइस उचलायचा नाही, नुसता ओढून फळीवर घ्यायचा.